मडकं केवढं, हे विचारणाऱ्या कटरे मॅडम

प्रा. दमयंती कटरे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते दोन मडकी घेऊन वर्गात शिरताना. गोंदियाच्या महाविद्यालयात बी.एस्सी.ला प्रवेश घेऊन मला आठवडाही झाला नव्हता. सौंदडहून सकाळच्या गाडीने येऊन मी मागच्या बाकावर बसत असे. संख्याशास्त्र हा विषय मी निवडला नव्हता, गणिताबरोबर तो गळ्यात पडला होता. मॅडमच्या एका काखेत मोठं मडकं आणि दुसऱ्या हातात लहानसं बोळकं होतं. आम्ही एकमेकांकडे बघून हसलो. त्यांनी ते पाहिलं आणि त्याही हसल्या.

दोन्ही मडक्यांत वाल होते, पांढऱ्यांत काळे मिसळलेले. मोठ्या मडक्यात काळे क्वचित, बोळक्यात मात्र पुष्कळ. हे आम्हाला नीट दाखवून झाल्यावर मॅडमनी दोन्ही एका सुपात रिकामी केली आणि माझ्या शेजारच्या मुलीला डोळे मिटून दाणे काढायला सांगितलं. काळा दाणा हाती लागेपर्यंत ती काढत राहिली. मग मॅडमनी विचारलं, "हा कोणत्या मडक्यातला?" अख्खा वर्ग म्हणाला, लहान मडक्यातला. काळे तिथेच जास्त होते. मॅडमनी आम्हाला हिशेब करायला लावला आणि निघालं भलतंच. मोठं मडकं इतकं मोठं होतं की त्यातले क्वचित काळेसुद्धा एकूण बोळक्यातल्या काळ्यांपेक्षा किती तरी जास्त भरत होते. हातातला दाणा मोठ्या मडक्यातलाच असण्याची शक्यता अधिक होती.

"तुम्ही सगळे हुशार आहात," मॅडम म्हणाल्या. "फक्त मडकं केवढं, हे कोणी विचारलं नाही."

त्या तासाला मला पहिल्यांदा वाटलं की हा विषय मला हवा आहे. आज मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्याविषयी लिहायला मला सांगितलं गेलं, हा मी माझा बहुमान समजतो. त्यांचे विद्यार्थी जिल्हाभर आणि जिल्ह्याबाहेर आहेत. माझ्यापेक्षा मोठी पदं भूषवणारेही त्यांत अनेक आहेत. पण मॅडमची विद्या कामाला लागताना, माणसांचं भलं करताना जवळून पाहण्याचं भाग्य मला लाभलं. तेवढंच इथे सांगतो.

मॅडमच्या शिकवण्याची एक रीत होती. पाठ्यपुस्तकात बल्ब किंवा खिळे बनवणारे कारखाने असत. तीन यंत्रं, प्रत्येकाचा माल वेगळा, प्रत्येकाची खराबी वेगळी. एक खराब नग हाती आला, तर तो कोणत्या यंत्राचा? मॅडम ते पान वाचून दाखवत आणि मग पुस्तक मिटून ठेवत. "इथे खिळ्यांचा कारखाना कोणी पाहिलाय?" असं विचारत. कोणीच पाहिलेला नसे. मग बल्बच्या जागी तांदूळ येई, यंत्रांच्या जागी गिरण्या येत. स्वतः मॅडम आमगावकडच्या धान पिकवणाऱ्या घरातल्या. परीक्षेच्या पेपरात मात्र त्या खिळेच विचारत. त्यांचं म्हणणं असे की समजलं असेल तर खिळ्यांनी अडायचं कारण नाही.

पदवी झाल्यावर मी सडक अर्जुनीला एका गोदामावर गुणवत्ता तपासनीस म्हणून लागलो. जिल्ह्यातल्या तीन गिरण्यांनी मिळून एक संघ केला होता. तिन्ही ठिकाणी उसना तांदूळ तयार होई, म्हणजे धान भिजवून, वाफवून, वाळवून मग भरडलेला. एक मोठी गिरणी गोंदियाजवळ, एक मध्यम आमच्या सौंदडला, आणि तिसरी अगदी छोटी, सालेकसा तालुक्यात कचारगडच्या वाटेवरच्या एका गावात. ही छोटी गिरणी तिथल्या गोंड बायांच्या बचत गटाने उभी केली होती. तिघांचा माल आमच्या गोदामात येई. तिथे तो संघाच्या एकाच छापाच्या पोत्यांत भरला जाई आणि आश्रमशाळांना, वसतिगृहांना पोचे. एकदा पोतं बदललं की कोणता तांदूळ कुठला, हे सांगता येत नसे.

काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेत जेवणानंतर मुलींना उलट्या सुरू झाल्या. बहुतेक दुसऱ्या दिवशी सावरल्या, पण दोघींना रुग्णालयात ठेवावं लागलं. मी तिथे जाऊन स्वयंपाकघरातलं पोतं उघडलं, तेव्हा आत आंबूस वासाचे गोळे झाले होते. मागोमाग आणखी वसतिगृहांतून तशीच तक्रार आली. पुरवठा थांबला आणि संघाची तातडीची बैठक बसली.

अध्यक्ष लिल्हारे साहेब माणूस भला, पण त्यांना निकाल त्याच दिवशी हवा होता. त्यांनी मला विचारलं की गिरण्यांवर नमुने घेता तेव्हा खराबी कुठे जास्त दिसते. मी खरं तेच सांगितलं, सालेकशाला. "फिर तो सीधी बात आहे," ते म्हणाले. "जिथं खराबी जास्त, तिथूनच आलं. सालेकसा बंद करा." कोणाच्या मनात पाप नव्हतं. सगळ्यांना ते सरळच वाटलं. ठराव पुढच्या बैठकीत कायम करायचं ठरलं.

बचत गटाच्या प्रमुख फुलवंताबाई सलामे त्या बैठकीला आल्या होत्या. त्या उठून उभ्या राहिल्या. "गिरणी बंद झाली तं आमी पुन्हा मोहफुलं येचाले जाऊ, त्याचं काई नाही," त्या म्हणाल्या. "पन त्या शाळेत आमच्याच पोरी आहेत. दवाखान्यात ठेवली, त्यातली एक माझ्या भावाची आहे. तिले आमी खराब तांदूळ चारला, असं तुमी कागदावर लिहून राहिले." एवढं बोलून त्या बसल्या. 

मी बाहेर येऊन मॅडमना फोन केला. त्या तोवर निवृत्त झाल्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी पहिलीच गोष्ट सांगितली ती अशी: "मोठ्या गिरणीचा व्यवस्थापक माझा धाकटा भाऊ आहे. हे आधी अध्यक्षांना सांग. त्यानंतरही त्यांनी बोलावलं तर मी येईन." मी सांगितलं. अध्यक्षांना त्यात अडचण वाटली नाही. उलट बहीण भावाच्या गिरणीला सांभाळूनच घेईल, अशी त्यांना खातरी वाटली असावी.

मॅडम एसटीने आल्या. माझे जुने नमुने त्यांनी बाजूला ठेवले आणि तिन्ही गिरण्यांवर नव्याने नमुने घ्यायला सांगितलं. पोत्यात खुपसून तांदूळ काढायच्या लोखंडी नळीला आमच्याकडे परखी म्हणतात. भावाच्या गिरणीत मॅडमनी परखीला हातही लावला नाही. प्रत्येक गिरणीवर दुसऱ्या दोन गिरण्यांची माणसं नमुना काढतील, असा त्यांनी नियम घातला. म्हणजे गोंदियाच्या मोठ्या गिरणीत फुलवंताबाईंच्या गटातल्या बाया परखी घेऊन उभ्या राहिल्या आणि सालेकशाला मोठ्या गिरणीचे हमाल गेले. या काळात भावाच्या घरी जेवायला जाणंही मॅडमनी टाळलं. गोंदियात दोघांची घरं हाकेच्या अंतरावर आहेत.

मग बैठक बसली, ती या वेळी गोदामातच. मॅडमनी खडू मागवला आणि फरशीवर तीन चौकोन काढले, एक भलामोठा, एक मध्यम, एक लहान. त्या काय म्हणाल्या ते मला जवळजवळ शब्दशः आठवतं, कारण पुढे मी ते कितीतरी जणांना सांगितलं आहे.

"गोदामात हजार पोती आली असं धरू. त्यातली सातशे मोठ्या गिरणीची, दोनशे सौंदडची, शंभर सालेकशाची. तुमच्याकडे माल याच मापाने येतो ना?" सगळ्यांनी होकार दिला. "आता नमुन्यांत जे दिसलं ते. सालेकशाच्या शंभरात पाच पोती खराब. सौंदडच्या शंभरात दोन. मोठ्या गिरणीच्या शंभरात तीन. म्हणजे सर्वांत वाईट सालेकसाच. अध्यक्ष म्हणाले ते खरं आहे." अध्यक्षांनी मान डोलावली. "तर खराब पोती मोजा. सालेकशाची पाच. सौंदडची चार. मोठ्या गिरणीची एकवीस. एकूण तीस. मुलींच्या शाळेत गेलेलं पोतं या तिसांतलं एक आहे. ते कुणाचं असेल?"

सगळे फरशीवर वाकले. तिसांत एकवीस. दहा खराब पोती उघडली तर सात मोठ्या गिरणीची निघावीत, असा तो हिशेब होता, आणि सालेकशाचं सहात एखादं. शाळकरी पोरालाही करता आला असता. तरीही आमच्यापैकी कोणी तो केला नव्हता. मी संख्याशास्त्राचा पदवीधर त्या खडूच्या रेघांकडे बघत उभा होतो. पोतं बदललेला, छाप पुसलेला, तोंड नसलेला तांदूळ आपलं गाव सांगू लागला होता.

मॅडमचे भाऊ तेजराम बिसेन यांचा चेहरा लाल झाला. "ताई, माझ्याकडे शंभरात तीन खराब, त्यांच्याकडे पाच. आणि चोर मी?"

"चोर कोणीच नाही, तेजराम," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुझं पोतं खराब निघेल का, हा एक प्रश्न. खराब निघालेलं पोतं तुझं असेल का, हा दुसरा. तू पहिल्याचं उत्तर दुसऱ्याला देतो आहेस. अध्यक्षांनीही तेच केलं."

आणि लगेच त्यांनी जे म्हटलं त्यामुळे माझा त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. आपण निकाल दिलेला नाही, शोध कुठून सुरू करायचा तेवढं सांगितलं आहे, असं त्यांनी स्पष्ट केलं. मोठ्या गिरणीत काही सापडलं नाही, तर पुन्हा मोजायला बसू आणि चुकल्याचं आपण याच जागी उभं राहून सांगू, असंही त्या म्हणाल्या.

तेजरामजींचं म्हणणं होतं की आमच्या गोदामातच ओल असेल. मॅडमनी ते उडवून लावलं नाही. गोदामात ओल लागली असती तर पोतं कुठून खराब झालं असतं, असं त्यांनी मला विचारलं. बाहेरून, भिंतीकडच्या अंगाने, मी म्हणालो. वाळवण अपुरी झाली असेल तर? तर आतून, मधोमध. परत आलेली पोती आम्ही तिथल्या तिथे फोडली. बाहेरचा तांदूळ सुटा आणि कोरडा होता, मधोमध गोळे. शंकेला गोदामाकडे जायला वाट उरली नाही.

मोठी गिरणी थांबवण्यात आली. तिथला नवा ड्रायर तेजरामजींच्या विशेष अभिमानाचा होता. त्यांनी स्वतः रायपूरला जाऊन तो पसंत केला होता. मिस्त्रीने त्याचं पत्र्याचं आवरण उतरवलं, तेव्हा गरम हवेच्या नळाचा जोड मागच्या बाजूने उसवलेला दिसला. बाहेरून काही कळत नव्हतं. एका अंगाचं धान नीट वाळत होतं आणि दुसऱ्या अंगाचं थोडंसं ओलं राहत होतं. म्हणून तर शंभरात तीनच पोती बिघडत होती. जोड बसवला, नमुने पुन्हा घेतले, पुरवठा सुरू झाला. त्यानंतर वसतिगृहांतून ती तक्रार आली नाही. सालेकशाचा ठराव अध्यक्षांनी स्वतः मागे घेतला आणि भर बैठकीत फुलवंताबाईंची माफी मागितली.

इथे दुसरं कोणी असतं तर काम संपलं असं समजून गोंदियाला परतलं असतं. मॅडम दुसऱ्या आठवड्यात सालेकशाला गेल्या. बायांनी त्यांच्यासाठी हार आणला होता. तो हातात घेऊन मॅडम म्हणाल्या, "दोष तुमचा नव्हता असं मी म्हटलं. तुमच्याकडे दोष नाही असं म्हटलेलं नाही. शंभरात पाच हे मिरवण्यासारखं नाही, फुलवंताबाई." फुलवंताबाई मोठ्याने हसल्या. "बाई सच्ची आहे," त्या बाकीच्यांना म्हणाल्या. मॅडमनी तिथे मुक्काम केला. धान अंगणात ताडपत्रीवर वाळत होतं, ढगाळ दिवसांत ते पुरतं वाळत नव्हतं. संघाकडून छोटा ड्रायर मिळवून देण्यासाठी त्यांनी अध्यक्षांना गाठून गाठून बेजार केलं. गटातल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना त्यांनी नमुना घ्यायला शिकवलं, आणि प्रत्येक दिवसाची खराबी भिंतीवर ठिपक्यांनी मांडायला शिकवलं. पुढच्या हंगामात त्या भिंतीवरचे ठिपके हळूहळू खाली उतरत गेले. आज तिन्ही गिरण्यांत सर्वांत स्वच्छ माल सालेकशाचा असतो, हे मी तपासनीस या नात्याने लिहितो.

या सगळ्याची किंमत मॅडमनी मोजली ती घरात. तेजरामजी त्यांच्याशी बोलेनासे झाले. रस्त्यात समोर आले तर दुसऱ्या बाजूने जात. मॅडमना लहानपणी आई नव्हती, या भावाला त्यांनीच कडेवर वाढवलं होतं. मला राहवलं नाही म्हणून मी एकदा विषय काढला. मॅडम म्हणाल्या, "तो माझा भाऊ आहे हे मला ठाऊक होतं. म्हणूनच परखी दुसऱ्यांच्या हातात दिली. त्यानंतर जे आलं ते आलं." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण त्या खिडकीकडे वळून बोलत होत्या.

वर्ष उलटल्यावर, नवं धान निघालं तेव्हा, तेजरामजी आपल्या गिरणीतल्या नव्या तांदळाची पिशवी घेऊन बहिणीच्या दारात आले. मी योगायोगाने तिथे होतो. ते फक्त एवढंच म्हणाले, "बघ ताई, आता शंभरात किती निघतात." मॅडमनी पिशवी घेतली, मूठभर तांदूळ ताटात पसरला, चष्मा लावून दाणा न् दाणा पाहिला, आणि मगच तो शिजायला टाकला. आम्ही तिघे जेवायला बसलो. पहिला भात त्यांनी भावाच्या पानात वाढला.

मॅडमच्या वैयक्तिक स्नेहाविषयी पुष्कळांकडे पुष्कळ आठवणी असतील. माझी एक सांगतो. माझी मुलगी शाळेत असताना सिकलसेलची तपासणी झाली आणि तिची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली. आमच्या भागात हा आजार घरोघरी ठाऊक आहे. माझ्या बायकोने जेवण सोडलं. मी स्वतः शक्यतांचं गणित शिकलेला माणूस, पण स्वतःच्या लेकराच्या बाबतीत माझं डोकं चालेना. मॅडमना कुठून तरी कळलं आणि त्या सौंदडला आमच्या घरी आल्या.

त्या माझ्याशी बोलल्याच नाहीत. स्वयंपाकघरात माझ्या बायकोजवळ जाऊन खाली बसल्या. तिने विचारलं, "मॅडम, माझ्या पोरीले तो रोग आहे का?" मॅडमनी खोटा धीर दिला नाही. "नाही असं मी आज म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. मग त्यांनी तिला समजावलं की या पहिल्या चाचणीत आजारी मुलं सापडतात, आणि ज्यांच्या रक्तात फक्त त्याचा अंश आहे पण ज्यांना आजार नाही, अशी मुलंही सापडतात. आजारी थोडी असतात, नुसता अंश असलेली त्यांच्या कितीतरी पट. चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या मुलांमध्ये बहुतेक ही दुसरीच असतात. "म्हणून आज रडायचं नाही. आज जेवायचं, आणि दुसऱ्या चाचणीला जायचं," असं म्हणून त्यांनी स्वतः ताट वाढून घेतलं, एक तिला दिलं. दुसऱ्या चाचणीला त्या आमच्याबरोबर रांगेत उभ्या राहिल्या. मुलीला आजार नाही, ती फक्त वाहक आहे, असं निघालं. आता ती नर्सिंग शिकते आहे. उलट निघालं असतं तरी मॅडम तशाच शेजारी उभ्या राहिल्या असत्या, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही.

मॅडमना स्तुती आवडत नाही. हा लेख वाचून त्या समासात दोन-तीन ठिकाणी प्रश्नचिन्ह काढतील. एसटीच्या कंडक्टरशी सुट्या पैशांवरून वाद घालणं, दुपारचं जेवण विसरणं, कोणी 'नक्की' म्हणालं की त्याला थांबवून 'किती नक्की?' असं विचारणं, या त्यांच्या सवयींवर इतर कोणी तरी लिहीलच. मला त्यांच्यासमोर नेहमी एकच वाटत आलं आहे. इतकं स्वच्छ बघता येतं, आणि तरीही कोणाविषयी मन कडू न होऊ देता राहता येतं, हे एका माणसाच्या ठायी असू शकतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं नसतं तर मानलं नसतं.

अशा लेखाच्या शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं. पण मॅडमना नुसतं 'शतायुषी व्हा' म्हणण्याची सोय नाही. त्याची शक्यता किती, असं त्या विचारतील. त्यांनीच शिकवलं आहे की नुकत्याच जन्मलेल्या बाळाने नव्वदी गाठण्याची शक्यता वेगळी आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाने नव्वदी गाठण्याची वेगळी, आणि दुसरी नेहमीच जास्त असते. इतकी वाट चाललेला माणूस पुढचीही चालेल, यावर गणिताचाही भरवसा असतो. मॅडम, हा भरवसा आम्ही तुमच्याच सूत्राने काढला आहे. आपणांस निरामय, कामाने भरलेलं आयुष्य लाभो.

हा लेख लिहितो आहे असं मी फुलवंताबाईंना सांगितलं, तेव्हा त्यांनीही एक निरोप लिहायला सांगितला. तो त्यांच्याच शब्दांत देतो. "बाईले म्हना, तुमी आता आमच्या पोरीइले शिकवलं. त्याइच्या पोरी अजून लहान आहेत. त्या शिकेपर्यंत तुमाले कुठी जाता येत नाही."